वजाबाकीची कसोटी

महाराष्ट्राचा आजवरचा सर्वांत चांगला रणजी संघ कोणता, हा प्रश्न सारोळ्यात कुणीही काढला की तीन उत्तरे ठरलेली असतात. ज्यांनी वडिलांकडून क्रिकेट ऐकले ते प्रा. दि. ब. देवधरांचा संघ सांगतात. ज्यांनी रेडिओला कान लावून तरुणपण काढले ते चंदू बोर्डे यांच्या काळातला संघ सांगतात. आणि ज्यांनी गहुंजेचे मैदान पाहिले आहे ते केदार जाधवच्या २०१३-१४ च्या संघावर अडून बसतात. तिघांनाही आपले उत्तर उघड वाटते आणि समोरच्याचे हट्टाचे. हा वाद मला फुकाचा वाटत नाही. एकाच नावाखाली नव्वद वर्षे खेळत आलेल्या संघाकडे आपण काय म्हणून पाहतो, त्याच्याकडून काय मागतो, हे या वादातूनच ठरते. फक्त तो घालताना आपण चुकीचे माप हातात घेतो.

आधी 'आपला संघ' म्हणजे कोणता ते सांगायला हवे. राज्य एक असले तरी रणजी करंडकात त्याचे तीन संघ उतरतात: मुंबई, विदर्भ आणि महाराष्ट्र. २०२३-२४ मध्ये ४२ वे विजेतेपद मिळवणारी मुंबई आमची नाही. भोर तालुका आणि त्यातले नीरेकाठचे आमचे सारोळे हे पुण्याच्या महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनच्या हद्दीत येते. या संघाच्या नावावर दोन विजेतेपदे आहेत, १९३९-४० आणि १९४०-४१ ची. दोन्ही देवधरांच्या नेतृत्वाखाली, लागोपाठच्या हंगामांत. त्यानंतर अंतिम सामने आले, विक्रम आले, करंडक आला नाही.

दोन काळांतले संघ तोलण्याची सर्वांत रूढ पद्धत म्हणजे बेरीज. एका बाजूला देवधर, विजय हजारे, रंगा सोहोनी. दुसऱ्या बाजूला बोर्डे, हेमंत कानिटकर. तिसऱ्या बाजूला केदार जाधव, हर्षद खडीवाले, अंकित बावणे, विजय झोल. नावे मांडायची, धावा मांडायच्या आणि ज्याची बेरीज मोठी तो संघ मोठा म्हणायचा. पण बेरजेवरच जायचे तर महाराष्ट्राने भारतातल्या बहुतेक संघांना कधीच मागे टाकायला हवे होते, कारण प्रचंड धावसंख्यांची एवढी श्रीमंती फार थोड्या संघांकडे आहे. १९३९-४० मध्ये हजारे यांनी बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ केल्या. १९८८-८९ मध्ये शंतनू सुगवेकर मध्य प्रदेशाविरुद्ध २९९ वर नाबाद राहिला. २०१२ मध्ये केदार जाधवने उत्तर प्रदेशाविरुद्ध ३२७ धावा काढल्या. २०१६ मध्ये वानखेडेवर दिल्लीविरुद्ध स्वप्निल गुगळे नाबाद ३५१ आणि अंकित बावणे नाबाद २५८ यांनी तिसऱ्या गड्यासाठी ५९४ धावांची अभंग भागी केली. रणजीत कुठल्याही गड्यासाठी तेवढी भागी त्याआधी कुणी केली नव्हती. सामना मात्र अनिर्णित राहिला.

या साऱ्यांच्या वर बसतो तो डिसेंबर १९४८ चा पुण्यातला काठियावाडविरुद्धचा सामना. भाऊसाहेब निंबाळकरांनी नाबाद ४४३ धावा केल्या. कमल भांडारकरांनी २०५ केल्या आणि दुसऱ्या गड्यासाठी या दोघांनी ४५५ जोडल्या. फलकावर ४ बाद ८२६ लागले होते. ब्रॅडमनच्या नाबाद ४५२ या तेव्हाच्या विश्वविक्रमापासून निंबाळकर ९ धावा दूर होते आणि विश्रांतीच्या वेळी काठियावाडच्या कर्णधाराने, राजकोटच्या ठाकोरसाहेबांनी, सामना सोडून दिला. निंबाळकरांना अधिकृत कसोटी कधीच खेळायला मिळाली नाही, त्यामुळे त्या दिवसाची हळहळ आमच्याकडे अजून टिकून आहे. ती खरीही आहे. पण त्याच हंगामाचे पुढचे पान उलटून पाहावे. मार्च १९४९ मध्ये पुण्यातच मुंबईविरुद्ध उपांत्य सामना झाला. मुंबईने ६५१ आणि ८ बाद ७१४, महाराष्ट्राने ४०७ आणि ६०४, एकूण २,३७६ धावा आणि नऊ शतके. प्रथम श्रेणीच्या एका सामन्यात याहून जास्त धावा कधी झालेल्या नाहीत. आणि महाराष्ट्र ३५४ धावांनी हरला. दोन डावांत हजारावर धावा करून हरणाऱ्या संघाला फलंदाजीच्या बेरजेने काय सांगायचे? मुंबईचे वीस गडी काढणारे हात त्या संघाकडे नव्हते, ही गोष्ट ४४३ च्या झगमगाटात दिसतच नाही.

दुसरी पद्धत करंडकाची. जिंकला तो मोठा, बाकी सगळी बडबड. हे माप वरवर निर्विवाद वाटते, पण ते स्पर्धेच्या नियमांकडे डोळेझाक करते. देवधरांच्या काळात रणजी बाद पद्धतीने होती: एक सामना गेला की हंगाम संपला आणि मोजके सामने जिंकले की करंडक. १९५७-५८ पासून विभागवार साखळी आली आणि १९६९-७० पर्यंत प्रत्येक विभागातून एकच संघ पुढे जाई. महाराष्ट्र ज्या पश्चिम विभागात होता त्याच विभागात मुंबई होती, आणि मुंबईने १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत लागोपाठ पंधरा विजेतेपदे मिळवली. म्हणजे साठच्या दशकात महाराष्ट्राचा संघ देशात दुसऱ्या क्रमांकाचा असता तरी त्याला पुढचे दार बंद होते. १९७०-७१ पासून विभागातले पहिले दोन संघ घेऊ लागले आणि त्याच हंगामात महाराष्ट्र अंतिम फेरीत दिसतो. १९९२-९३ पासून तीन संघ घेऊ लागले आणि त्याच हंगामात महाराष्ट्र पुन्हा अंतिम फेरीत दिसतो, लुधियानात पंजाबविरुद्ध. दोन्ही सामने हरले हे खरे. पण बंद दारामागे उभ्या असलेल्या संघांची मोजणी करंडकाची यादी करत नाही, हेही तितकेच खरे. उलट २०१३-१४ चा संघ स्पर्धेच्या सर्वांत खालच्या, क गटातून आला. साखळीचे आठ आणि बाद फेरीचे तीन असे अकरा सामने खेळून तो अंतिम सामन्यात हरला. देवधरांच्या संघापेक्षा तो कमी ठरतो का? करंडकाचे माप चटकन 'हो' म्हणते आणि तिथेच विचार थांबवते.

या अडचणी पाहून काही जाणती माणसे तिसरी भूमिका घेतात: तुलनाच करू नये. तेव्हा काही सामने निकाल लागेपर्यंत चालत, आज चार किंवा पाच दिवसांची मुदत असते. तेव्हाच्या खेळपट्ट्या पावसाला उघड्या असत, आज झाकलेल्या असतात. काळच वेगळा, मग ताजवा कसा धरायचा? ही भूमिका सभ्य आहे, पण मला ती पटत नाही. आपण तुलना बोलून दाखवली नाही तरी निवड समित्या, प्रशिक्षक आणि पैसा देणारे ती मनात करतच असतात. 'पूर्वी आपण जिंकत होतो, कारण आपल्याकडे हजारे होते' असे एकदा मनात ठरले की सगळे लक्ष पुढचा हजारे शोधण्याकडे लागते. चुकीची तुलना चुकीचे धोरण घडवते. म्हणून तुलना टाकून देण्यापेक्षा तिचे माप बदलणे जास्त गरजेचे आहे.

माझ्या मते ते माप वजाबाकीचे आहे. संघातला सर्वांत मोठा माणूस काढून घ्या आणि मग उरलेला संघ काय करतो ते पाहा. दोन काळांतल्या संघांना एकमेकांसमोर उभे करता येत नाही. हजाऱ्यांना २०१३-१४ च्या संघातल्या समद फल्लाहचा चेंडू खेळायला लावता येत नाही. पण प्रत्येक संघाला त्याच्या स्वतःच्या काळात, त्याच्या स्वतःच्या प्रतिस्पर्ध्यांपुढे, एका माणसाविना पाहता येते. आणि इतिहास ही संधी वारंवार देतो, कारण मोठे खेळाडू जखमी होतात, देशाकडून खेळायला जातात, नोकरीसाठी संघ बदलतात.

आमच्या गावात हे दर रविवारी दिसते. टेनिस बॉलच्या सामन्यांना येणाऱ्या पोरांतली निम्मी नदीपलीकडे शिरवळच्या एमआयडीसीत कामाला आहेत. सकाळी नऊचा सामना, आणि संघाचा एकमेव वेगवान गोलंदाज रात्रपाळी करून यायचा असतो. पाळी बदलली किंवा सुपरवायझरने ओव्हरटाइमला थांबवले की तो येत नाही. अशा वेळी दोन प्रकारचे संघ दिसतात. एक, जो टॉसआधीच हरलेला असतो. कर्णधार फोन लावत हायवेकडे बघत राहतो आणि चेंडू कुणाच्या हातात द्यायचा हे पहिल्या षटकापर्यंत ठरत नाही. दुसरा, जिथे अशाच रविवारसाठी एका सतरा-अठरा वर्षांच्या पोराला महिनाभर चार-चार चेंडू टाकायला देऊन ठेवलेले असतात. पूर्ण अकरा हजर असताना हे दोन्ही संघ सारखेच वाटतात. फरक कळतो तो एक जण कमी पडल्यावर.

रणजीच्या इतिहासात या कसोटीचे सर्वांत लखलखीत उदाहरण आमच्याच विरुद्ध घडले. १९७०-७१ चा अंतिम सामना मुंबई विरुद्ध महाराष्ट्र असा होता. त्या वेळी भारतीय संघ वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर होता आणि अजित वाडेकर, दिलीप सरदेसाई, सुनील गावसकर, एकनाथ सोलकर, अशोक मांकड हे मुंबईचे पाच मोहरे त्या दौऱ्यावर गेले होते. महाराष्ट्राकडे बोर्डे होते. त्याच हंगामात राजस्थानविरुद्ध २५० धावा काढलेले हेमंत कानिटकर होते. मुंबईवर मात करण्याची यापेक्षा चांगली वेळ येणार नव्हती. सुधीर नाईक यांच्या नेतृत्वाखाली मुंबईने २८७ आणि १७६ केल्या, महाराष्ट्राने २३० आणि १८५. सामना ४८ धावांनी मुंबईचा. पाच कसोटीपटू वजा करूनही जो संघ जिंकतो त्याची ताकद त्या पाचांच्या पलीकडे होती. ती मैदानांवरच्या क्लबांत, कांगा लीगच्या ओल्या खेळपट्ट्यांवर, कार्यालयीन स्पर्धांमध्ये साठलेली होती. त्या अंतिम सामन्यात महाराष्ट्राला मुंबईची दुसरी फळी भेटली आणि तीही पुरी पडली.

आता हीच कसोटी आपल्या तिन्ही उत्तरांना लावू.

देवधरांचा संघ त्याच्या दोन हंगामांत निःसंशय देशात श्रेष्ठ होता. १९३९-४० च्या अंतिम सामन्यात संयुक्त प्रांताविरुद्ध दहा गड्यांनी विजय, पुढच्या वर्षी मद्रासमध्ये जाऊन मद्रासवर सहा गड्यांनी. त्या दुसऱ्या हंगामात मुंबईच्या ६५० ला ६७५ धावांचे उत्तर त्यांच्याकडे होते आणि त्यात पन्नाशीच्या उंबरठ्यावरच्या देवधरांच्या २४६ होत्या. त्या संघाला कमी लेखण्याचा प्रश्नच नाही. पण त्यानंतर हजारे बडोद्याकडे गेले. खंडू रांगणेकर, ज्यांनी रणजीची सुरुवात महाराष्ट्राकडून केली होती, ते मुंबईकडे गेले. १९४२-४३ मध्ये बडोद्याने करंडक जिंकला. १९४३-४४ मध्ये विजय मर्चंट यांनी महाराष्ट्राविरुद्ध नाबाद ३५९ काढल्या. आणि १९४४-४५ मध्ये नवानगरविरुद्ध महाराष्ट्राकडून दोन्ही डावांत शतके कुणी केली? पन्नाशी ओलांडलेल्या देवधरांनी. एसपी कॉलेजातल्या संस्कृतच्या प्राध्यापकाचा तो पराक्रम थक्क करणारा आहे. पण संघाच्या बाजूने पाहिले तर तोच आकडा एक प्रश्न विचारतो: तीन-चार वर्षांपूर्वी दोनदा विजेता ठरलेल्या संघात त्यांची जागा घेणारा तिशीतला माणूस का तयार नव्हता?

बोर्डे यांच्या काळातला संघ १९७०-७१ मध्ये उणे पाचच्या मुंबईसमोर हरला, हे आपण पाहिले. त्याआधी नाशिकचे बापू नाडकर्णी महाराष्ट्राकडून सुरुवात करून मुंबईत गेले होते. या संघाला दैवाने छळले, नियमांनी छळले. पण उघड्या दारातून आत आल्यावरही समोरच्याची दुसरी फळी त्याला भारी पडली.

२०१३-१४ च्या संघात केदार जाधवच्या १,२२३ धावा होत्या, म्हणून तो 'केदारचा संघ' म्हणून ओळखला जातो. मला हे वर्णन अन्यायाचे वाटते. त्याच हंगामात खडीवालेच्याही हजारावर धावा होत्या. वानखेडेवरच्या उपांत्यपूर्व सामन्यात पहिल्या डावात १२२ धावांनी मागे पडल्यावर महाराष्ट्राच्या गोलंदाजांनी मुंबईला १२९ मध्ये गुंडाळले. मग २५२ चे लक्ष्य दोनच गडी गमावून पार केले, त्यात जाधवच्या जोडीला जालन्याचा १९ वर्षांचा विजय झोल नाबाद ९१ वर उभा होता. उपांत्य सामन्यात बंगालचा पहिला डाव ११४ वर संपवला. अंतिम सामना कर्नाटकने सात गड्यांनी जिंकला आणि तो त्यांनी निर्विवाद जिंकला. पण पुढच्या हंगामात हा संघ कोसळला नाही. तो पुन्हा उपांत्य फेरीपर्यंत गेला. महाराष्ट्राचा नेहमीचा आजार, म्हणजे डोंगराएवढ्या धावा आणि गडी काढायला कुणी नाही, तो या एका संघात सर्वांत कमी होता.

म्हणून माझे उत्तर असे: सर्वांत पराक्रमी संघ देवधरांचा, पण सर्वांत चांगला बांधलेला संघ २०१३-१४ चा. आणि दोन काळांची तुलना 'कोण जास्त चांगले बांधलेले' यासाठी करायची असेल तर मी हरलेल्या संघाच्या बाजूने उभा राहीन.

यावर दोन आक्षेप येतील आणि दोन्ही गंभीर आहेत. पहिला: हजारे संघात होते ही त्या संघाची कमाई होती, त्यांना काढून संघ मोजणे म्हणजे चांगला खेळाडू असल्याची शिक्षा देणे. मला तसे वाटत नाही. हजाऱ्यांच्या ३१६ धावा आणि दोन करंडक कुणी काढून घेत नाही. त्या हंगामाचा निकाल त्यांच्यासह लागला आणि तसाच राहील. वजाबाकी हंगामाचा निकाल लावत नाही, ती संस्थेचा निकाल लावते. खेळाडू येतो आणि जातो; त्याच्यानंतरही नाव तेच राहते, आणि आपण तर त्या नावाबद्दल वाद घालत आहोत.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. चाळीसच्या दशकात क्रिकेटने पोट भरत नव्हते. बडोदा, होळकर यांच्यासारखी संस्थाने नोकरी देत आणि खेळाडू तिकडे जात. पुण्याच्या संघाने त्यांना कशाच्या बळावर थांबवायचे? हे खरे आहे, आणि म्हणूनच मी जाणाऱ्यांना बोल लावत नाही. पण याच युक्तिवादाने आजची जबाबदारी वाढते. आज सामन्याचे मानधन आहे, असोसिएशनकडे स्वतःचे स्टेडियम आहे, २०२३ पासून महाराष्ट्र प्रीमियर लीग आहे. तरीही वजाबाकी थांबलेली नाही, उलट वाढली आहे. ऋतुराज गायकवाडसारखा खेळाडू भारत, भारत अ आणि आयपीएल यांत विभागला जाणार, हे आता गृहीतच धरावे लागते. जो संघ त्याला धरून आखला जाईल तो हंगामाच्या ऐन मोक्याला अपुरा पडेल. पूर्वी वजाबाकी अचानक येई. आता ती वेळापत्रकात छापून येते.

ही कसोटी पार करता येते, हे आपल्या शेजारच्या विदर्भाने दाखवले. १९५७-५८ पासून खेळणारा हा संघ साठ वर्षे एकदाही अंतिम फेरीत गेला नव्हता. २०१७-१८ मध्ये पहिल्यांदा गेला आणि जिंकला. पुढच्या वर्षीही जिंकला. तेव्हा पुष्कळांनी श्रेय चंद्रकांत पंडित यांच्या प्रशिक्षणाला आणि वासिम जाफरच्या अनुभवाला दिले, म्हणजे बाहेरून आलेल्या बेरजेला. मग ते दोघेही गेले. २०१८-१९ च्या अंतिम सामन्यात अकरा गडी टिपणारा डावखुरा फिरकीपटू आदित्य सरवटे हाही केरळकडे गेला, आणि २०२४-२५ च्या अंतिम सामन्यात तो विदर्भासमोर केरळच्या बाजूने उभा होता. याहून कठोर वजाबाकी कोणती? पण त्याची जागा हर्ष दुबे या दुसऱ्या डावखुऱ्या फिरकीपटूने घेतली होती आणि त्या हंगामात ६९ बळी घेऊन रणजीचा विक्रम केला होता. विदर्भ पहिल्या डावातील आघाडीवर तिसऱ्यांदा विजेता ठरला. नागपूरच्या अकादमीत वर्षानुवर्षे चाललेल्या कामाचे फळ हे की माणूस गेला तरी त्याची जागा रिकामी राहिली नाही.

सारोळ्यात बसून मी हे का लिहितो? दुसरी फळी पुण्यातल्या दोन-चार नामवंत क्लबांतून पूर्ण होणार नाही, म्हणून. हजारे सांगलीचे, निंबाळकर कोल्हापूरचे, झोल जालन्याचा, राजवर्धन हंगरगेकर तुळजापूरचा. या संघाला माणसे नेहमीच जिल्ह्यांनी दिली आहेत. पण ती अपवादाने, एखाद्याच्या जिद्दीने किंवा एखाद्या राजाच्या मर्जीने वर आली. आमच्याकडचा पोरगा पंधरा वर्षांचा होईपर्यंत लेदर बॉल हातात धरत नाही. सरावाला जायचे तर पहाटे हायवेला उभे राहायचे, एसटी मिळाली तर बरे, नाहीतर मिळेल ते वाहन. खेड-शिवापूर, कात्रज करत स्वारगेट, तिथून पुढे मैदान. आणि परत येऊन शाळा गाठायची. बॅट, पॅड, शूज यांचा खर्च वेगळाच. दोन महिन्यांत बापाचा धीर सुटतो, आणि त्यात बापाची चूक नसते. अशी किती मुले गळाली याची नोंद कोणत्याच धावफलकावर नसते, पण संघाची दुसरी फळी त्यांच्यातूनच व्हायची होती.

म्हणून माझी मागणी साधी आहे. तालुक्याच्या ठिकाणी एक धड टर्फ खेळपट्टी आणि पगारी प्रशिक्षक असावा. सोळा वर्षांखालच्या निवडचाचण्या पुण्यात बोलावून घेण्याऐवजी भोर, सासवड, फलटणला जाऊन घ्याव्यात. गोलंदाजांचा शोध फलंदाजांइतक्याच असोशीने व्हावा, कारण नव्वद वर्षांचा आपला इतिहास सांगतो की धावा करणारे आपल्याला आपोआप मिळतात, वीस गडी काढणारे घडवावे लागतात. आणि प्रत्येक हंगामाच्या शेवटी असोसिएशनने स्वतःला विचारावे, की यंदा आपला पहिल्या क्रमांकाचा खेळाडू किती सामन्यांत नव्हता आणि त्यांतले किती आपण जिंकले. हा आकडा वाढत गेला तर तिसरा करंडक फार दूर राहणार नाही. आणि तो आला तर देवधर, बोर्डे, केदार यांच्या शेजारी त्या संघाला बसवताना त्याच्या सर्वांत मोठ्या खेळाडूचे नाव विचारून भागणार नाही. तो खेळाडू नसताना त्या संघाने काय केले, याचे उत्तर त्या संघाकडे असायला हवे.